मोगऱ्याची चोरी

माझ्या मोगऱ्याच्या फांद्या चोरीला जायच्या थांबल्या, तेव्हा मला पटलं की मला खरोखरच टीबी झालाय. तोवर डॉक्टरांनी सांगितलं होतं. छातीचा फोटो उजेडासमोर धरून, बोट ठेवून दाखवलंही होतं. पण त्या काळ्या-पांढऱ्या फोटोत मला माझं असं काही दिसेना. मोगऱ्याचं तसं नव्हतं. तो दारात होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं, हे मला रोज दिसत होतं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची, सीमाभागातल्या वडगावातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीतली. इतक्या वर्षांनी लिहायला बसले, कारण पलीकडच्या गल्लीत, जिथे दारावर सायलीचा वेल चढलाय त्या घरातल्या नव्या सुनेला हाच आजार निघालाय. ती भिंतीकडे तोंड करून पडलीय, कुणाशी बोलत नाही, असं कानावर आलं. पोरी, गोळ्यांचं आणि सुयांचं तुला डॉक्टर सांगतील, त्यांचं ऐक. जे कुणी सांगत नाही ते मी सांगते. माझं तोंड जरा फटकळ आहे, तेवढं सांभाळून घे.

गल्लीतले चोर

वडगावात तेव्हा घर म्हणजे आधी माग आणि मग माणसं. पुढच्या खोलीत माग, मधे चूल, मागे न्हाणी आणि न्हाणीच्या पाण्यावर जगेल तेवढं परडं. त्या हातभर जागेत कर्दळ, अबोली, गावठी गुलाब, अडुळसा, कोरफड अशी सगळी मंडळी दाटीवाटीने नांदायची. जमीन संपली की डालड्याचे डबे, डबे संपले की फुटके माठ. सुताला लावायची खळ उरली की तीत पाणी घालून ती झाडांना. दिवसभर माग मारून ज्याचे खांदे भरून आलेत तो माणूससुद्धा जेवायला उठला की आधी परड्यात जाऊन कळी फुटली का बघणार, मग हात धुणार. अशी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

आणि ही सगळी माणसं चोर होती. आमच्या गल्लीत रोप कुणी विकत आणत नव्हतं आणि मागतही नव्हतं. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो, त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "इकत आणलेलं मरतंय, मागून आणलेलं रुसतंय, चोरून आणलेलं लागतंय." या चोरीला नियम होते. फांदी बोटभर, जास्त नाही. मुळाला हात लावायचा नाही. कळी धरलेली फांदी मोडायची नाही. चोरी दिवसाढवळ्या, मालकिणीशी गप्पा मारत करायची आणि मालकिणीने योग्य वेळी पाठ फिरवायची. हा शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. पुढे रोप लागलं, वाढलं, की मूळ मालकीण कधीतरी त्या घरी जायची, कुंडीपाशी थांबायची आणि विचारायची, "अगं बाई, हे कुठनं आणलंस गं?" चोराने म्हणायचं, "आपोआप आलंय बघा." मालकिणीने म्हणायचं, "छान आलंय की." संपलं. उपकार मानले की रोप वाळतं, अशी समजूत होती.

त्यामुळे कुणाच्या दारात कुणाची अबोली आहे हे सगळ्या गल्लीला तोंडपाठ होतं. भाषेवरून पुरुषांची कधी बोलाचाली व्हायची, एखाद्या दिवशी बाजार बंद असायचा. नेमकं त्याच दिवशी कानडी घरातलं जास्वंद मराठी घरात गेलेलं असायचं. कुणी कुणाला काही म्हणत नसे.

माझा मोगरा माहेरचा, निपाणीचा. लग्नात आईने ओल्या पोत्यात गुंडाळून दिलेला. बटमोगरा, दुहेरी पाकळीचा, एक फूल ओंजळीत धरलं तर दुपारपर्यंत हाताला वास. तो मी पायरीशेजारी लावला होता आणि गल्लीतला सगळ्यात जास्त चोरीला जाणारा मोगरा म्हणून मला त्याचा ताठा होता. चोरांची राणी म्हणजे समोरच्या सिंधूकाकू. त्यांचे यजमान शाळेत मास्तर. काकूंचं तोंड माझ्याशी बोलत असायचं आणि हात कामाला लागलेला असायचा. मात्र त्यांच्या हाताला बाकी काहीही लागायचं, मोगरा लागत नव्हता. दर पावसाळ्यात त्या फांदी न्यायच्या आणि दर दिवाळीला ती वाळलेली असायची. मी काही बोलायची नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाठ फिरवायची.

सुताचा खोकला

मागाच्या घरात खोकला म्हणजे घरातलाच माणूस. सुताची बारीक तुसं हवेत असतात, ती नाकातोंडात जातात, सगळेच खोकतात. मी दिवसभर रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळायची. मला खोकला लागला तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. आत्तींनी परड्यातला अडुळसा कुटून काढा दिला, मध घालून दिला. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, पोलकं ढगळ व्हायला लागलं, तरी आम्ही आपले "सुताचा खोकला" म्हणून गप्प. ही चूक आमच्याइतकी बेमालूम दुसरं कुणी करणार नाही.

एक दिवस कांडी भरता भरता खोकल्याची उबळ आली. उबळ थांबली तेव्हा पांढऱ्या सुतावर लाल ठिपका होता. मी तो पदराने पुसायला गेले तर जास्तच पसरला. हे, म्हणजे माझे यजमान, मागावर होते. त्यांनी बघितलं आणि माग थांबवला. सण नाही, सुतक नाही आणि भर दिवसा आमच्या घरातला माग थांबला. शेजारचे विचारायला आले, काय झालं म्हणून. त्या शांततेची मला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, बरी होशील, पण वेळ लागेल. दवाखान्यात खाट मिळेपर्यंत घरात वेगळं राहायचं, ताट-वाटी वेगळी, मुलीला जवळ घ्यायचं नाही. आमची बेबी तेव्हा चार वर्षांची. परत येताना मी सायकलच्या कॅरिअरवर बसताना म्हणाले, "तोंड पलीकडं करून बसू काय?"

"गप बस," हे म्हणाले. "आनि धर मला नीट. पडशील न्हाईतर."

मी धरलं. त्यांचा सदरा घामाने ओला होता. त्यांनी मला धरायला लावलं, ते मी अजून विसरलेले नाही.

बेबीला पिरनवाडीला आत्याकडे पाठवलं. मी मागच्या खोलीत झोपायला लागले. आणि ऐन आषाढ, म्हणजे फांद्या लावायचा हंगाम, चोरांची दिवाळी. गल्लीभर बायका पदरात काहीतरी लपवून हिंडत होत्या. माझ्या पायरीवर कुणी येत नव्हतं. सिंधूकाकू समोरून विचारायच्या, "बरं हाय काय गं?" मी म्हणायची, "बरं हाय." मधली गल्ली एवढी अरुंद, की पूर्वी आम्ही दारातूनच एकमेकींना वाटी द्यायचो. आता ती नदीएवढी झाली होती.

खाटेचं झाड

दवाखाना गावाबाहेर होता. गेटातून आत गेलं की आधी निलगिरीची झाडं, मग लांबलचक बैठे वॉर्ड. सकाळी सुई, मग मूठभर गोळ्या, मग दूध आणि अंडं, मग दुपारची सक्तीची विश्रांती. ती विश्रांती मला सोसायची नाही. लग्न झाल्यापासून मी मागाच्या खडखडाटाशिवाय दुपार बघितली नव्हती. शांततेने कान दुखायचे. त्यात इकडून एक खोकला, तिकडून दुसरा. मी खोकले मोजत पडायची आणि त्यातला माझा कितवा, याचा विचार करायची.

शेजारच्या खाटेवर निपाणीच्या तानूबाई होत्या. विड्या वळून वळून बोटांची टोकं पिवळी झालेली, अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांचा खोकलाही माझ्यासारखाच चुकवला गेला होता. आमच्याकडे सुताचा म्हणून, त्यांच्याकडे तंबाखूचा म्हणून. पहिल्या दिवशी मी रडत होते तर त्या म्हणाल्या, "रड, रड. पर दूध थंड व्हईल, ते पिऊन रड."

वॉर्डाच्या व्हरांड्यात दूध पावडरच्या रिकाम्या डब्यांची रांग होती. प्रत्येक डब्यात काहीतरी लावलेलं. हे तानूबाईंच्या आधीपासून चालत आलेलं होतं. तिथला नियम असा, की झाड खाटेचं, माणसाचं नाही. बरी होऊन घरी जाणाऱ्या बाईने झाड पुढच्या बाईसाठी ठेवून जायचं. माझ्या खाटेच्या वाट्याला एक मरतुकडी कर्दळ आली होती. अंड्यांची टरफलं चुरून आम्ही डब्यांत घालायचो. मोठ्या सिस्टर केरळच्या होत्या, त्या फेरीला आल्या की कमरेवर हात ठेवून ओरडायच्या, "ये वॉर्ड है या नर्सरी?" आणि जाता जाता स्वतःच एखाद्या डब्यातलं पिवळं पान खुडून टाकायच्या.

कोपऱ्यातल्या खाटेवर बैलहोंगलकडची एक पोर होती, लग्न ठरलेली. तिच्या डब्यात शेवंती होती. श्रावणात ती गेली. खाट धुऊन घेतली, गादी उन्हात टाकली, नवीन बाई आली. ती बाई म्हणाली, मेलेल्या पोरीचं झाड मला नको. कुणालाच नको होतं, मलाही नको होतं. डबा दोन दिवस उन्हात तसाच. तानूबाई उठल्या, तो डबा उचलून आपल्या डब्याशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "झाडाला कसला आलाय टीबी?" दिवाळीच्या सुमाराला त्या शेवंतीला फुलं आली. पहिलं फूल तानूबाईंनी त्या नवीन बाईच्या उशाशी ठेवलं. तिने मुकाट्याने वेणीत खोवलं. अशा बाईला काय म्हणावं, मला अजून शब्द सापडलेला नाही.

भीतीचं खरं सांगते. मरणाची भीती होतीच. पण गोळ्यांनी गुण यायला लागला, ताप उतरला, तशी ती मागे पडली आणि दुसरी पुढे आली. मी बरी होईन, घरी जाईन आणि मी बरी झाले हे कुणी मानणारच नाही. माझ्या हातचं कुणी घेणार नाही, माझ्या मुलीशी कुणाची मुलं खेळणार नाहीत. त्या गल्लीत जिवंत राहून मी नसल्यासारखी होईन. ह्या भीतीवर दवाखान्यात गोळी नव्हती.

आत्तींची चोरी

रविवारी भेटीचा दिवस. आत्ती बसने यायच्या. लांबच्या बाकावर न बसता सरळ माझ्या खाटेपाशी. सिस्टर ओरडल्या तर म्हणायच्या, "माजं वय झालंय, मला ऐकू येत न्हाय." कान अगदी तिखट होते त्यांचे.

आमचं घर माळकरी. अंड्याचं नाव काढलं तरी आत्ती चूळ भरायच्या. मी अंडं खात नाही, शेजारणीला देते, हे त्यांना तानूबाईंनी सांगून टाकलं. आत्ती माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर देत्यात न्हवं? मग ते अंडं न्हवं, औषध हाय. डोळं झाक आनि गीळ. पांडुरंगाला मी सांगत्ये काय ते."

एका रविवारी त्यांनी भाकरीच्या फडक्याखालून आणखी एक ओलं फडकं काढलं. आत माझ्या मोगऱ्याची बोटभर फांदी.

"ही कुणी मोडली?" मी विचारलं. मला वाटलं, सिंधूकाकू आल्या असतील. माझा आवाजच बदलला.

"मी चोरली," आत्ती म्हणाल्या. "दुसरं कोन येत न्हाय तर काय करू? मीच मोगऱ्यापाशी गेलो, मीच पाठ फिरवली आनि मीच मोडली."

मी हसले. हसता हसता खोकला आला आणि खोकता खोकता रडू आलं, आणि आत्ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तोंडाला पदर लावा म्हटलं तर म्हणाल्या, ऐकू येत न्हाय.

तानूबाईंचा मोगरा

फांदी कर्दळीच्या डब्यातच लावली. पानं गळाली, काडी उरली. मी रोज बघायची आणि रोज आपल्या छातीचा विचार करायची. मग थंडीत त्या काडीला दोन हिरवे डोळे फुटले. त्याच आठवड्यात माझी थुंकी तपासून स्वच्छ आली. यात काही चमत्कार नाही, गोळ्या गोळ्यांचं काम करत होत्या आणि फांदी तिचं. पण मी दोन्ही बातम्या एकाच पोस्टकार्डावर लिहून घरी पाठवल्या.

शिमग्याच्या आधी पहिली कळी उमलली. तानूबाई विश्रांतीला पडल्या होत्या, त्या एकदम उठून बसल्या. "ह्यो वास मला ठावं हाय," म्हणाल्या. "तुजं म्हायेर निपाणीत कुटं गं?"

मी गल्ली सांगितली. हौदाजवळचं घर, दारात मोगरा.

"व्हय, त्योच. आमी इडीच्या कारखान्याला जाताना रोज तितनं जायचो. पोरगी हुतो तवा. वास घ्यायला पाय आपोआप हळू पडायचं. तुजी आई दारात बसलेली असायची."

"मग एखादी फांदी न्यायची नाही का?" मी बोलून गेले.

तानूबाई हसल्या. रागाने नाही, लहान मुलाला हसतात तशा. "आमी म्हारवाड्यातली, बाबासाहेबांची मान्सं. तुमच्या दारातल्या झाडाला हात लावला असता तर काय झालं असतं, इचार तुज्या आईला. चोरी बी आपल्या मान्साचीच सोसत्यात बाई."

माझी आई मायाळू होती, आल्यागेल्याला भाकरी देणारी. आणि तरी तानूबाई म्हणत होत्या ते खरं होतं, हे मला ठाऊक होतं. मी गल्लीत आठ महिने नव्हते तर माझा जीव कासावीस झाला होता. ही बाई जन्मभर ते सोसून हसत होती आणि मेलेल्या पोरीच्या झाडाला पाणी घालत होती. मला तिच्यापुढे फार लहान वाटलं, आणि तिचं फार कौतुक वाटलं.

"मग आता चोरा की," मी म्हणाले.

"सांगून व्हय? सांगितल्यावर ती चोरी कसली?"

तानूबाईंना माझ्या आधी सोडलं. त्यांचा मुलगा न्यायला आला होता. पिशवी भरून झाली, सिस्टरना नमस्कार झाला, आणि त्या व्हरांड्यात माझ्या डब्यापाशी येऊन निपाणीच्या पाण्याबद्दल काहीतरी लांबण लावून बोलायला लागल्या. मी समजले. मी वळून निलगिरीच्या झाडांकडे बघत उभी राहिले. मागे बारीकसा आवाज झाला. परत वळले तेव्हा तानूबाई गेटाकडे निघाल्या होत्या, मूठ पदराखाली. मोगरा निपाणीला परत गेला, फक्त दुसऱ्या वस्तीत.

कात्री

माझा डबा नियमाप्रमाणे पुढच्या बाईसाठी ठेवून मी घरी आले. पुढे कितीतरी महिने गोळ्या चालूच होत्या. पोरी, हे एकदाच सांगते, बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नाही.

बेबी पिरनवाडीहून आली. दारात उभी राहिली, मला न्याहाळलं आणि विचारलं, "आई, आता हात लावू?" मी मान हलवली. तिने आधी एका बोटाने माझ्या गुडघ्याला हात लावून बघितला. मग अंगावर उडी टाकली.

गल्लीने मात्र हात लावला नाही. सगळे हसून बोलत, चौकशी करत, पण आपापल्या दारातून. बेबी ओट्यावर एकटी खेळायची. हळदी-कुंकवाचं बोलावणं आमच्या दारापर्यंत येऊन पुढे जायचं. मला सगळ्यात राग सिंधूकाकूंचा यायचा. एकदा मी त्यांच्याबद्दल वेडंवाकडं बोलले, तेव्हा आत्तींनी मला थांबवलं. "तिची धाकटी भन ह्याच रोगानं गेली. हिच्या मांडीवर. ती तुला भीत न्हाय, त्या आठवणीला भीतीया." मग मला राग धरता येईना, आणि तो सोडताही येईना.

आणि मोगरा! आत्तींची ती एक फांदी सोडली तर वर्षभर कुणी मोडला नव्हता, त्यामुळे नुसता उंच, काटकुळा, पानांचं झुडूप झाला होता. मोगऱ्याला फांद्या मोडल्याशिवाय नवे फुटवे येत नाहीत आणि फुटव्यांशिवाय फूल नाही. चोरच त्याची छाटणी करायचे, हे आम्हाला तेव्हा उमगलं. ऐन चैत्रात चार-दोन फुलं आली, बस्स.

आत्ती कात्री घेऊन आल्या. "छाटूया गं. बघवत न्हाय."

"नको," मी म्हणाले. "ज्यांनी मोडायचं त्यांनी मोडू दे."

"लई हट्टी हाईस."

"आहे."

माझे यजमान हे सगळं बघत होते. एक दिवस जेवताना म्हणाले, "पिरनवाडीत जागा मिळतीया. नवी वस्ती, कोन कुनाला वळकत न्हाय. बेबीला खेळायला पोरं तरी मिळतील." त्यांचा जन्म ह्या घरातला. मागासाठी जमिनीत खणलेला खड्डा त्यांच्या आज्याच्या हातचा. माझ्यासाठी ते तो सोडायला निघाले होते आणि आवाज असा, जणू बाजारातून मीठ आणायचंय.

"मृग होऊ दे," मी म्हणाले. "फांद्यांचा हंगाम बघू. कुणी आलं नाही तर जाऊ."

"चोरासाठी दार उघडं ठेवून बसनारी पयलीच बाई बघितली," हे म्हणाले.

मृग झाला. आर्द्रा लागली. गल्लीत बायका पदर झाकून हिंडू लागल्या. मी पायरीच्या आत, उंबऱ्यापाशी रहाट घेऊन बसायची, चोरांची सोय व्हावी म्हणून. कुणी आलं नाही. शेवटी ह्यांनी जागेचं पक्कं करायला रविवारी जायचं ठरवलं. मीही हो म्हटलं. शब्द दिला होता.

त्या शनिवारी सकाळी पावसाने उघडीप दिली होती. मी कांड्या भरत होते. समोरचं दार वाजलं. सिंधूकाकू पायरी उतरल्या, गल्लीच्या मधे आल्या आणि तिथे थांबल्या. मी मान वर केली नाही. मग त्यांच्या चपला माझ्या पायरीपाशी दिसल्या.

"ह्या वर्षी डाळीला काय भाव झालाय गं," त्या म्हणाल्या. "आमच्या मास्तरांना आमटीशिवाय चालत न्हाय, आनि मी म्हटलं..."

त्या बोलत राहिल्या. कशाबद्दल, ते त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही. पण माझं काम मला माहीत होतं. मी रहाट थांबवला आणि जागच्या जागी पाठ फिरवून घरातल्या भिंतीकडे तोंड केलं. मागे बोलणं क्षणभर अडखळलं. मग कट् असा आवाज झाला. एवढासा. मागाच्या खडखडाटातूनही मला तो ऐकू आला.

चपला परत गेल्या. मी तशीच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं ते हातातल्या सुतावर पडत होतं. आत्ती स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्या आल्या, माझ्या हातातली कांडी काढून घेतली आणि म्हणाल्या, "रड, पर बाजूला हून रड. सूत भिजतंय."

रविवारी ह्यांनी सायकल बाहेर काढली. मी मोगऱ्याकडे बोट दाखवलं. ते वाकले. मोडल्या जागी बोट लावून बघितलं, अजून ओलसर होतं. सरळ झाले, सायकल आत घेतली, भिंतीला टेकवली आणि मागावर जाऊन बसले. रविवार असून माग चालू झाला.

आपोआप

राणीने चोरी केल्यावर बाकीचे कशाला मागे राहतील? श्रावण संपेपर्यंत माझा मोगरा पिसं झडलेल्या कोंबडीसारखा बोडका झाला. बेबीच्या ओट्यावर मुलांचा गोंधळ सुरू झाला. आणि पुढच्या उन्हाळ्यात फुलांनी असा बहरला, की आत्ती परडी भरून गल्लीभर वाटत हिंडल्या.

चैत्राच्या हळदी-कुंकवाला मी सिंधूकाकूंच्या घरी गेले. खिडकीखाली डालड्याच्या डब्यात मोगरा होता. लागला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाच-सहा पांढऱ्या कळ्या. मी डब्यापाशी थांबले.

"अगं बाई," मी म्हणाले, "हा कुठनं आणलासा?"

काकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर हळद लावली आणि हात सोडला नाही. "आपोआप आलाय बघ."

"छान आलाय की."

एवढंच. उपकार आम्ही दोघींनीही मानले नाहीत, म्हणून तो मोगरा अजून जिवंत आहे.

तर पोरी, आता भिंतीकडचं तोंड जरा इकडे कर. तुझ्या दारावरची सायली मी जाता-येता बघितलीय. असा वेल आमच्या गल्लीत कुणाकडे नाही. गुरुवारी सकाळी मी येणार आहे. डाळीच्या भावावर, सुनांवर, मनाला येईल त्यावर बोलत बसेन. तू खाट दारापाशी ओढून घे आणि मी बोलायला लागले की पाठ तेवढी फिरव.